जित्या बागेचा पंचनामा

संत्र्याच्या झाडाला उपाशी ठेवावं लागतं, हे मला लग्न होऊन या घरात येईपर्यंत माहीत नव्हतं. मी अमरावतीची, वकिलाची मुलगी. आमच्याकडे संत्री टोपलीतून यायची आणि ती झाडावर कशी येतात याची चौकशी कोणी करत नसे. वरूडच्या रस्त्यावरच्या या गावात माझा पहिला हिवाळा होता. सहज बागेत गेले आणि किंचाळलेच. पानं मुडपलेली, पिवळी पडलेली, खाली पानांचा नुसता खच. मी पळत घरी आले आणि ओरडले, "बाई, बाग मेली!" जाऊबाई भाकर थापत होत्या. त्या इतक्या हसल्या की हातातली भाकर मोडली.

"अवं, मेली नाही. ताणावर हाये बाग."

तर हा ताण. पावसाळा सरला, थंडी पडली की झाडाचं पाणी तोडायचं. काळी जमीन भेगाळते, झाड तहानेनं कासावीस होतं, पानं टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, गेलं. मग संक्रांतीच्या आसपास पाणी सोडायचं, की त्याच झाडाला पानापानातून कळी फुटते. ताण कमी दिला तर फूल नाही, जास्त दिला तर झाडच राहत नाही. कधी थांबायचं हे ज्याला कळतं तो कास्तकार. आणि आमच्या पंचक्रोशीत हे सगळ्यांत चांगलं कळत होतं माझ्या भासऱ्यांना.

भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं. समोर आले की पदर डोक्यावर, मान खाली, तोंड बंद. मी कॉलेजात वादविवादात कप मिळवलेले, अन् माझ्यावर ही वेळ! सुरुवातीला डोकं भणाणायचं. पण जाऊबाईंनी वाट काढून दिली. त्या मधे बसायच्या. मी त्यांच्याकडे पाहून म्हणायची, "बाई, यंदा मोटार दुरुस्त करून घ्या म्हणावं." भासरे समोरच बसलेले असायचे, सगळं ऐकायचे आणि त्यांच्याकडेच पाहून म्हणायचे, "करून राह्यलो म्हनाव." जाऊबाई दोघांकडे बघून पानाला चुना लावायच्या. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. माझे केस पांढरे झाले, त्यांचे गेले, पण आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. भांडलोसुद्धा जाऊबाईंच्या मार्फत.

माझे यजमान अकोल्याला शाळेत मास्तर. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. त्यामुळे आमच्या वाट्याचं वावर मीच बघत आले. दोन्ही बागा लागून, मधे एक धुरा, म्हणजे बांध. भासऱ्यांची बाग चढावर, आमची खोलगट. सासऱ्यांनी वाटणी करताना तसं का केलं, त्यावर मी खूप बोललेले आहे, ते आता जाऊ द्या.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी पाऊस थांबेचना. आमच्या खोलगट वावरात पाणी साचलं आणि झाडांची मुळं कुजली. संत्र्याला डिंक्या नावाचा रोग होतो. खोडातून डिंक वाहायला लागतो, साल सडते. पण वरून झाड हिरवंगार दिसत राहतं, पुढचे कित्येक महिने. आतून संपलेलं, वरून टवटवीत. अशी झाडं तालुकाभर होती. मग सरकारनं जाहीर केलं, वाळलेल्या संत्राबागांना अनुदान मिळणार. पंचनामे होणार. मी म्हटलं, चला, कोणाला तरी आठवण झाली.

पंचनामे व्हायला हिवाळा उजाडला. भासऱ्यांची बाग तेव्हा कडक ताणावर होती. आमच्या आजारी बागेला मात्र मी थोडं थोडं पाणी देत होते. आजारी माणसाला कोणी एकादशी करायला लावतं का? म्हणजे कसं झालं बघा. भासऱ्यांची ठणठणीत बाग उभी मेल्यासारखी, आणि माझी मरणारी बाग हिरवी.

त्या दिवशी भासरे आणि जाऊबाई तिवशाला कुणाच्या तरी तेरवीला गेले होते. पटवारी आला तो अगदी नवा. तरुण पोरगा, कोकणाकडचा, भाताच्या मुलखातला. बिचारा गोड बोलायचा, घाम पुसायचा, सोबत आमच्या गावचा कोतवाल. मी त्यांना आधी माझ्या बागेत नेलं. वाकून खोडावरचा डिंक दाखवला, साल सोलून काळं पडलेलं लाकूड दाखवलं. पोरगा मोबाइल उंच धरून मागे मागे जात होता.

"ताई, झाड तर हिरवं आहे."

"अहो, खोड बघा ना! हे बघा, बोट घातलं तर आत जातंय!"

"खोडाचा फोटो चालत नाही, ताई. पूर्ण झाड यावं लागतं. आणि पूर्ण झाड हिरवं दिसतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो निमूटपणे ऐकून घेत होता, अधूनमधून 'हो ताई' म्हणत होता, आणि लिहीत होता, 'बाग सुस्थितीत'. मी त्याच्या मागेमागे बोलत धुऱ्यापर्यंत गेले. धुरा ओलांडला आणि तो थांबला. समोर भासऱ्यांची बाग. गळलेली पानं, उघड्या फांद्या, भेगाळलेली जमीन. पोरानं डोक्यावरची टोपी काढली, खरंच सांगते. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"अरे देवा. पूर्ण गेली."

"गेली नाही! ताणावर आहे ती!" मी ओरडले. "संक्रांतीला पाणी सोडलं की फुलेल. अहो, मुद्दाम सुकवलीय!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत, फार वाईट वाटल्यासारखं पाहत होता. म्हणाला, "ताई, तुमच्या बागेला मिळत नाही म्हणून त्रास होतोय, मला कळतं. भाऊबंदकी सगळीकडेच असते. पण सख्ख्या जावेच्या मेलेल्या बागेला कोणी 'मुद्दाम सुकवली' म्हणू नये."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत असताना कोणी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं असेल. कोतवालाकडे बघितलं. गावचाच माणूस, संत्र्यात जन्म गेलेला. तो आभाळात बगळे शोधत होता. नंतर मी त्याला घरी गाठलं तर म्हणतो कसा, "काकू, सरकार देऊन राह्यलं, तं आपुन काहून अडवाचं?"

संध्याकाळी तेरवीहून दोघं परतले. मी जाऊबाईंना सगळं सांगितलं, म्हणजे भासऱ्यांनाच सांगितलं. जाऊबाई हसून हसून बेजार. भासऱ्यांनी त्यांच्याकडे बघून सांगितलं, "म्हनाव, वर साहेब लोक असतेत. ते पायतीन. ताण अन् मरण यातला फरक सरकारले समजत नसन काय?" आणि ते निवांत जेवले. सरकारवर त्यांचा असा विश्वास. मी मनात म्हटलं, आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं. पण मलाही वाटलं, वर कुठेतरी अडेल हे.

संक्रांत झाली. भासऱ्यांनी पाणी सोडलं. त्या वर्षीचा ताण इतका नेमका बसला होता की काय सांगू. थोड्याच दिवसांत फांदीफांदीवर पांढऱ्या कळ्या, नवी पोपटी पालवी. शिवारभर वास. रस्त्यावरून जाणारे मोटारसायकलवाले थांबून बघायचे. जाऊबाईंनी मुद्दाम मला हाताला धरून नेलं आणि म्हणाल्या, "पाय. तुया सासऱ्याच्या हातची झाडं हायेत, अजून कशी देतेत." ती झाडं लावताना भासरे अंगानं लहान होते, खड्ड्यात उतरून माती त्यांनीच काढली होती. प्रत्येक झाडाची खोड त्यांना माहीत. कोणतं लवकर रुसतं, कोणतं उशिरा पिकतं, सगळं पाठ.

आणि त्याच आठवड्यात भासऱ्यांच्या खात्यात अनुदान आलं. पूर्ण बाग वाळल्याचं.

त्यांना आधी वाटलं, बँकेची काहीतरी चूक असेल. मग कोतवाल पेढे मागायला आला तेव्हा कळलं. मी तिथेच होते. भासऱ्यांचा चेहरा असा उतरला, जणू घरात कोणी काही चोरून आणून ठेवलंय. तुम्हाला हा माणूस कसा होता ते सांगायला हवं. शेजाऱ्याचं लिंबाचं झाड आमच्या धुऱ्यावर वाकलेलं आहे. लिंबं आमच्या बाजूला पडतात. सगळं गाव अशी लिंबं उचलून घरी नेतं, त्यात चोरी कसली? भासरे मात्र ती वेचून शेजाऱ्याच्या हद्दीत नेऊन ठेवणार. जाऊबाई वैतागायच्या, "लोनच्याले लिंबू इकत आनतो आमी, अन् हे बाहेर ठिवतेत!"

आणि आता ह्या माणसाच्या मेलेल्या बागेला बहार आला होता, तोही सगळ्या तालुक्याच्या नाकात वास शिरेल असा.

गाव काय सोडतं? पारावर, न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत, एकच विषय. "दादाजी, आमालेबी शिकवा ना मेलेली बाग फुलवाले!" ज्यांच्या बागा खरंच गेल्या होत्या आणि ज्यांना छदाम मिळाला नव्हता, ते हसत नव्हते. ते नुसतं बघायचे. त्यांतला एक बालपणीचा दोस्त भासऱ्यांना पाहून पारावरून उठून गेला. भासरे घरी आले, पाण्याचा गडू तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पाराकडे गेले नाहीत.

मी जाऊबाईंना म्हटलं, "त्यात यांचा काय दोष? मी ओरडून सांगत होते त्या पोट्ट्याला. गप्प बसावं, लोक चार दिवस बोलतील." भासऱ्यांनी मान हलवली. "म्हनाव, पैशे वापस कराचे. तालुक्याले चला. बोलनारं मानूस सोबत पायजे." म्हणजे मी.

तालुक्याच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो. बाकावर बसलो तेव्हाही जाऊबाई मधे. टेबलाशी बसलेले साहेब वयस्क, चष्मा कपाळावर. भासरे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, माही बाग मेली नाही. हे पैशे वापस घ्या."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"बाबा, पैसे मागायला लोक येतात. परत घ्यायची सोय नाही आमच्याकडे."

"सोय नाही म्हणजे?" मी म्हटलं. "सरकारचे पैसे सरकारला परत करायचे तर सोय नाही?"

"वहिनी, हळू बोला. परत घेतले म्हणजे पंचनामा खोटा ठरला. पंचनामा खोटा ठरला म्हणजे चौकशी. तो पोरगा अजून कच्च्या नोकरीवर आहे, पहिल्याच फटक्यात घरी जाईल. आणि ह्यांच्यावरही गुन्हा. जिवंत बागेवर अनुदान उचललं म्हणून."

"उचललं नाही! तुम्ही टाकलंत!"

"कागद तसं म्हणत नाही ना, वहिनी." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि अजून ऐका. या योजनेत तपासणी आहे. वाळलेली झाडं काढून रान मोकळं केलेलं दाखवावं लागतं. पथक येईल फोटो घ्यायला. झाडं उभी दिसली, वर फुललेली दिसली, तर कोणाचंच काही खरं नाही."

"मग करायचं काय?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली. म्हणाले, "रान मोकळं करा. नवीन रोपं लावा, त्यालाही अनुदान आहे."

मी उठून उभी राहिले. मला वाटतं मी टेबलावर हात आपटला. "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? कागद चुकला म्हणून उभी बाग कापायची? पोटातलं बाळ कागदावर मेलं लिहिलं तर काय..." जाऊबाईंनी माझा पदर ओढला. साहेबांना माझा राग आला नाही. ते म्हणाले, "मी कास्तकाराचाच मुलगा आहे हो. मला काय कळत नाही? पण मला हा एकच मार्ग दिसतो." त्यांनी आम्हाला चहा पाजला. भासऱ्यांनी तो प्यायला नाही.

परत येताना बसमध्ये मी खिडकीतून बघत होते आणि डोक्यात एकच, हे खरं घडतंय का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर होताच कोण? एक रडवेला पोरगा, एक चहा पाजणारा साहेब, आणि लिंबं परत ठेवणारा म्हातारा.

चार दिवसांनी तो पोरगा स्वतः आला. मोटारसायकल रस्त्यावर टाकून सरळ बागेत शिरला. मी धुऱ्यावर होते. तो फुललेल्या झाडांमधून चालत होता, फांदीला हात लावत होता, आणि मग मटकन खाली बसला.

"ताई, तुम्ही सांगत होता. मला वाटलं तुम्ही जळता."

आता त्याला काय बोलणार? भैताड म्हणून शिवी देणार होते, ती तोंडातच राहिली. भासरे आले. पोरानं त्यांचे पायच धरले. लग्न नुकतंच झालंय, घरी आई एकटी असते, बोललं तर नोकरी जाईल, नाही बोललं तर पथक येईल, असं काहीबाही सांगत होता. भासऱ्यांनी त्याला उठवलं. त्याच्या पँटची माती झटकली. म्हणाले, "तुह्या गावी भात पिकते ना? भाताले कोनी ताण देत नाही. तुले कसं समजन बावा?" आणि त्याला घरी नेऊन जेवू घातलं. जाऊबाईंनी त्याला पुन्हा पुन्हा वाढलं, आणि नंतर आत येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

त्या रात्री जेवताना भासरे जाऊबाईंकडे बघून, म्हणजे मला उद्देशून, म्हणाले, "कागद खोटा हाये अन् बाग खरी हाये. दोनातलं एक बदलाव लागते. कागद तं बदलून नाही राह्यला."

मला वाटलं, माणूस वैतागलाय, बोलून मोकळा होतोय. मी जाऊबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, माझा भाऊ वकील आहे. त्याला विचारते. असं कसं कोणी बाग कापायला लावेल?" भासरे ताटात हात धुऊन उठले.

भावाला फोन केला. तो म्हणाला, कागदपत्रं पाठव, अर्ज करू, वेळ लागेल पण मार्ग निघेल. मी कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात अकोल्याहून निरोप आला, यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं ते पुढे न ढकलता लगेच करायचं. मी जाऊबाईंना बजावून गेले, "मी येईपर्यंत कोणीही काहीही करायचं नाही. कोणत्याही कागदावर सही नाही." त्यांनी मान डोलावली. सहीचीच भीती होती मला. वकिलाची मुलगी ना.

अकोल्याहून मी थेट बसनं आले. फाट्यावर उतरले आणि वासानं भोवळ आल्यासारखं झालं. संत्र्याच्या फुलांचा असा वास मी या गावात इतक्या वर्षांत घेतला नव्हता. गोड, जड, नाकातून घशात उतरणारा. मी मनात म्हटलं, वा! काय बहार धरलाय यंदा! यजमानांना फोन करून सांगावं म्हणून पर्समधून मोबाइल काढला. तेव्हा कानावर मशीनचा आवाज आला.

कटर मशीन.

मी धावले. या वयात, चपला हातात घेऊन. धुऱ्यावर पोचले. अर्ध्याहून जास्त बाग आडवी झाली होती. झाडं पडली होती ती फुलांसकट. जमिनीवर पांढरा सडा, आणि त्याच्यावर मधमाश्या, अजून काम करत होत्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चिरडलेल्या फुलांचा वास होता तो. मी तिथेच चिखलात बसले. जाऊबाई एका खोडापाशी पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

भासरे माणसांना हात दाखवून सांगत होते. आधी हे, मग ते. जसं दरवर्षी कोणत्या झाडाला आधी पाणी सोडायचं ते सांगायचे, तसंच.

मी उठले. डोक्यावर पदर नव्हता, कशाचंच भान नव्हतं. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "काहून तोडली? सांगा मले! काहून?"

मशीन बंद झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाकटी सून भासऱ्यांच्या तोंडावर ओरडलेली त्या गावानं कधी पाहिली नव्हती. भासऱ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, त्यांचे डोळे घारे आहेत, यजमानांसारखेच.

"मेली म्हनून पैशे आले ना घरात?" ते मला म्हणाले.

"तुम्ही मागितले नव्हते!"

"आले तं सही. आता मेली. आता कोनी खोटं नाही. ना तो पोरगा, ना मी."

"अहो, मी भावाला विचारलं होतं! अर्ज करणार होतो! मार्ग निघाला असता!"

"किती दिवसानं?" त्यांनी विचारलं. "पथक उद्या आलं असतं तं?"

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. पटवारी. त्याला भासऱ्यांनीच निरोप पाठवून बोलावलं होतं. तो धुऱ्यापर्यंत आला आणि पुढे येईना. तोंडावर हात घेऊन उभा. भासऱ्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"काढ फोटो. आता बरोबर येईन."

पोरानं मोबाइल वर केला, पुन्हा खाली घेतला. त्याला काढताच येईना. शेवटी भासऱ्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं.

पथक आलं नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. पोरगा पक्का झाला आणि बदली घेऊन आपल्या मुलखात गेला. दिवाळीला त्याच्या घरून तांदळाचं पोतं आलं, ते जाऊबाईंनी उघडलं नाही. अनुदान बँकेत तसंच पडून आहे, भासऱ्यांनी त्याला हात लावलेला नाही. नवीन रोपंही लावली नाहीत. चढावरच्या त्या रानात आता तूर असते.

आणि माझी बाग? ती उन्हाळ्यात मेली. सगळी. जी मी पहिल्या दिवसापासून मेलेली म्हणून सांगत होते, ती झाडं वैशाखात खडखडीत वाळली. कागदावर ती अजून सुस्थितीत आहे. पावसाळ्याआधी रान मोकळं करावं म्हणून मी त्याच कटरवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन सुरू केलं तसे भासरे धुऱ्यावरून हात हलवत आले. आता ते माझ्याशी सरळ बोलतात, मधे जाऊबाई लागत नाहीत. मला वाटलं, मदतीला आले.

"थांबव त्याले," ते म्हणाले. "तुही बाग कागदावर जित्ती हाये."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसायलासुद्धा सुरुवात केली, आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते एका वाळलेल्या झाडाला टेकून उभे होते आणि हातानं खोड चाचपत होते, पाणी कुठपर्यंत चढलंय ते बघावं तसं.

"जित्ती बाग तोडाची नसते, पोरी. मी तोडून पायली."

मी कटरवाल्याला परत पाठवलं. ती झाडं अजून तिथेच उभी आहेत.